बाराच्या भोंग्यापर्यंतचा चहा

आमच्या घरी चहा दिवसातून एकदाच मांडला जायचा, आणि तो बाबा मांडायचे. गिरणीचा पहिला भोंगा व्हायच्या आधी, बाहेर अजून उजाडलेलं नसताना, मला अंथरुणात कापसाच्या पऱ्हाट्या मोडल्याचा आवाज यायचा. मग चुलीचा धूर, मग जर्मनच्या गंजात, म्हणजे चहाच्या पातेल्यात, पाणी ओतल्याचा, साखरेच्या डब्याचं झाकण निघाल्याचा आवाज. बाबा चहा चमच्यानं हलवत नसत. फडक्यानं गंज धरून तो गरगर फिरवत, आणि तो फिरवताना त्यांच्या तोंडून एक बारीक हुंकार निघायचा, जणू गंजाशीच काही बोलताहेत. एक कप ते उभ्यानंच पीत. उरलेल्या चहावर ताट झाकत आणि मांजरानं तोंड घालू नये म्हणून ताटावर वरवंटा ठेवत. मग दाराशी जाऊन चपला घालता घालता म्हणत, "शालू, चहा झाकून ठेवला हाये. बाराच्या भोंग्यानंतर पेऊ नोको. उरला तर फेकून देजो." रोज हेच वाक्य, याच शब्दांत. कित्येक दिवस आमच्या दोघांमधलं सकाळचं बोलणं एवढंच असायचं.

आम्ही पुलगावला, नाचणगावच्या रस्त्याला लागून असलेल्या कवेलूच्या, कौलारू दोन खोल्यांत राहत होतो. बाबा गिरणीत सूतकताई खात्यात होते. घरी आले की त्यांच्या भुवयांवर, कानांवरच्या केसांवर पांढरी रुई बसलेली असायची, आणि न्हाणीत तोंड धुतल्याशिवाय ते मला म्हातारे वाटायचे. आमच्या घरात घड्याळ नव्हतं. लागतही नव्हतं. पहाटेचा भोंगा, बाराचा, पाळी सुटल्याचा, दिवे लागतानाचा. साऱ्या वस्तीचं उठणं, जेवणं, पाणी भरणं त्या आवाजाला बांधलेलं होतं. आता गिरणी नाही आणि भोंगाही नाही. पण दुपारी बाराच्या सुमाराला माझे कान अजून आपोआप वर होतात, आणि काहीच ऐकू आलं नाही की क्षणभर कुठंतरी चुकल्यासारखं वाटतं.

माय तेव्हा घरी नव्हती. ती तळेगावला, तिच्या माहेरी होती. आदल्या उन्हाळ्यात माझा लहान भाऊ गेला होता. रांगायला लागला होता तो, भिंतीला धरून उभा राहायचा आणि धपकन बसायचा. एका दिवशी त्याला उलट्या-जुलाब सुरू झाले, ताप चढला, आणि दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा आमच्या दारात माणसं उभी होती. मायच्या अंगावर दूध नव्हतं म्हणून त्याला वरचं दूध पाजत. सकाळी आलेलं दूध तिनं दुपारी पुन्हा तापवून त्याला पाजलं होतं. आमच्या शेजारच्या ठमाबाई चांगल्या बाई होत्या. त्यांनीच त्या दिवसांत आम्हाला जेवण पुरवलं. पण नळावर पाणी भरताना त्या कोणाला तरी म्हणाल्या, "उतरलेलं दूध पाजलं वं तिनं पोराले. उन्हाळ्यात दूध कुठं टिकते." त्यात रोख काही नव्हता, हळहळच होती. मी बादली घेऊन मागं उभी होते आणि माय माझ्यामागं उभी होती. तिनं आपली बादली उचलली आणि रिकामीच घरी नेली.

त्यानंतर ती बोलेनाशी झाली. रडायचीही नाही. भाकरी थापायची, झाडझूड करायची, पण दूधवाली दारात आली की मागच्या खोलीत निघून जायची. दुधाच्या भांड्याला तिनं हात लावला नाही. दूध घेणं, तापवणं, चहा मांडणं हे सारं तेव्हापासून बाबांकडं आलं. पुढं भाकरी थापणंही सुटलं. वामनमामा तळेगावहून आला, एक रात्र राहिला, आणि "थोडे दिवस नेतो, मन रमन तिचं" म्हणून तिला घेऊन गेला. बसस्टँडवर मी तिचा पदर धरला होता. तिनं तो सोडवून घेतला नाही; बस हलली तेव्हा तो आपोआप सुटला. थोडे दिवस म्हणता म्हणता पावसाळा गेला, थंडी आली.

मी सकाळी उठायची तेव्हा घर गप्प असायचं. चहावर जाड साय धरलेली असायची, तपकिरी, कडेनं सुरकुतलेली. ती मी बोटानं बाजूला करून खायची. गंज चुलीच्या राखेवर ठेवला की निखाऱ्याच्या उरल्यासुरल्या धगीनं चहा कोमट व्हायचा. त्यात रात्रीची ज्वारीची भाकर चुरून खायची आणि शाळेत जायची. शाळा सकाळची होती. परत आले की बाराचा भोंगा व्हायला थोडा वेळ असायचा, आणि गंजात एखादा कप चहा उरलेला असायचा. तो मी मुद्दाम उरवायची. बाबांच्या हातचं तेवढंच घरात असायचं. भाजी-भाकरी ठमाबाईंकडून यायची. भोंगा वाजायच्या आत तो कप संपवायचा, मग दार लोटून बसायचं. दुपार फार मोठी असायची. समोरच्या रस्त्यानं नाचणगावकडं जाणारी बैलगाडी दिसेनाशी झाल्यावरही तिच्या चाकांचा आवाज येत राहायचा. छपरावर चिमण्या कवेलू सरकवायच्या. मी पाटीवर गणितं करायची, पुसायची, पुन्हा तीच करायची. कोणी बोलायला नसलं की माणूस भांड्यांशीही बोलतो, हे मला त्या वयातच कळलं.

चहा कसा म्हातारा होतो, हे मी त्या गंजात पाहिलं. कोणी शिकवलं नाही. गरम चहाला आधी पत्तीचा वास असतो, मग दुधाचा. निवला की पत्तीचा वास जातो आणि तुरटपणा जिभेवर उरतो. थंडीच्या दिवसांत तो दुपारपर्यंत तसाच राहायचा, फक्त कडवट व्हायचा. पण फाल्गुन सरला तसं सगळं बदललं. सायीला बारीक भोकं पडायची, गंजाच्या कडेला पांढरी रेघ दिसायची, आणि ताट उचललं की ओल्या फडक्यासारखा वास यायचा. एकदा तो मी उकळायला ठेवला तर दूध फाटून वर कण आले आणि खाली काळं पाणी राहिलं. बाबांनी मग अद्रक घालणं बंद केलं. मी विचारलं तर म्हणाले, "अद्रकानं वास लपते. उतरला का नाई ते कळत नाई." बिनदुधाचा चहा टिकतो, तोच करू का, असंही एकदा त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं. आजारी माणसाचं पेय वाटायचं ते.

माझी नात परवा मोबाइलमध्ये पाहून मला सांगत होती की दुधाचा चहा बाहेर दोन तासांच्या वर ठेवू नये, आणि ठेवायचाच तर गार करून फ्रिजमध्ये ठेवावा, तोही एखादा दिवस. पुन्हा उकळला म्हणजे झालं, असं नसतं, म्हणे. मी हो म्हटलं. तिला काय सांगणार, की आमचा पहाटेचा चहा बारापर्यंत चालायचा, आणि तो नियम कुठून आला होता. बाबांनी भोंगाच का धरला हे मला तेव्हा कळत नव्हतं. माझ्या भावाला पाजलेलं दूध बारानंतरचं होतं, एवढंच बहुधा त्यांना ठाऊक होतं.

पुढचा उन्हाळा आला. शाळेला सुट्टी लागली आणि दुपार सकाळपासूनच सुरू व्हायला लागली. अशाच एका दिवशी, बाराच्या जरा आधी, दाराची कडी वाजली. ठमाबाई असतील म्हणून मी उघडलं, तर वामनमामा उभा होता, डोक्याला पांढरा दुपट्टा गुंडाळलेला, आणि त्याच्या मागं माय. ती वाळली होती. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढवल्या तरी खाली येत होत्या. तिनं माझ्याकडं पाहिलं, मग दारातल्या रांजणाकडं, मग चुलीकडं. मामा म्हणाला की कोणाच्या लग्नाला पुलगावला आला होता, मायला म्हटलं चल पोरीला भेटून येऊ, तर ती उठून गाडीत बसली. मी आपल्याच आईला पाहुणीसारखं पाणी दिलं. तिनं तांब्या तोंडाला लावला आणि भिंतीला टेकून बसली, त्याच भिंतीला, जिला धरून तो उभा राहायचा.

पाहुणा आला की चहा द्यायचा, एवढं मला ठाऊक होतं. घरात दूध नव्हतं. संध्याकाळचं दूध यायला वेळ होता. गंजात मात्र त्या दिवशी दोनेक कप चहा होता. भोंगा झाला नव्हता, म्हणजे तो चालणारा चहा होता. मी चूल पेटवली, गंज ठेवला, चांगली उकळी आणली, दोन कपबशा धुतल्या. एक मामाला दिली, एक मायला, आणि गंजात उरलेला घोटभर मी वाटीत घेतला. मामानं कप नाकाशी नेला आणि खाली ठेवला. मायनं कप ओठांना लावला नाही. ती कपातल्या चहाकडं पाहत होती. मग ती बोलली. इतक्या दिवसांत तिचा आवाज मी विसरलेच होते; तो घोगरा, कोणा दुसऱ्या बाईचा वाटला.

"कवाचा हाये हा?"

"सकाळचा," मी म्हटलं. "बाबांनं केला."

माझ्या हातातली वाटी तिनं हिसकली. चहा माझ्या परकरावर सांडला, चटका बसला. ती वाटी, तिचा कप, मामाचा कप, तिन्ही तिनं मोरीत उपडी केली. गंज उचलला, अंगणात नेला आणि राखेनं घासायला लागली. घासत राहिली. भांडं लख्ख झालं तरी थांबेना. ठमाबाई आपल्या दारात येऊन उभ्या राहिल्या, त्यांनी काही तरी म्हणायला तोंड उघडलं आणि तशाच आत गेल्या. बाराचा भोंगा झाला. मायनं मान वर केली नाही.

मामा मला घरातलं एकेक विचारत राहिला. सकाळी काय खाते, दुपारी कोण असते, रात्री बाबा कधी येतात. मी सांगत गेले तसा त्याचा चेहरा आवळत गेला. माझ्यावर तो रागावला नव्हता. शेवटी म्हणाला, तुझे कपडे थैलीत भर, तुलाही घेऊन जातो, तिकडं आंबे उतरले आहेत, मामेबहिणी आहेत. मी दोन परकर, एक फ्रॉक, कंगवा असं सारं भरलं आणि थैली मांडीवर घेऊन बसले. पाळी सुटल्याचा भोंगा होईपर्यंत तशीच बसून होते. मला आठवतं, त्या थैलीच्या वजनानं मला फार बरं वाटत होतं.

बाबा दारात आले आणि तिथंच थांबले. मायला पाहून त्यांनी भुवयांवरची रुई हातानं पुसली. मामानं त्यांना बसूही दिलं नाही. पोरगी दिवसभर एकटी असते, शिळा चहा पिऊन राहते, एक लेकरू गेलं तेवढं पुरे नाही का, असं तो बोलत गेला. बाबांनी न्हाणीत जाऊन तोंड धुतलं, आले आणि मायपासून थोडं लांब, जमिनीवर बसले. तेवढ्यात दूधवाली आली. मायनं तिच्याकडं पाठ फिरवली. बाबांनी उठून दूध घेतलं, घासलेल्या गंजात चहा मांडला, आणि तो उकळत असताना माय भिंतीकडं तोंड करूनच म्हणाली,

"मीनं पाजलं त्याले. सकाळचं दूध होतं. मले वासच नाई आला."

बाबांनी गंज फिरवला, खाली ठेवला. मग चुलीकडं पाहत, अगदी साध्या आवाजात म्हणाले, "दूध बरं होतं."

"बरं नव्हतं."

"बरं होतं. त्याच दुधाचा चहा त्या दिवशी मी पेलो. घरी आलो, दूध उरलं होतं, मांडला अन् पेलो. मले काई झालं नाई."

मायनं वळून त्यांच्याकडं पाहिलं. "मंग मले सांगतलं काऊन नाई?"

"मले कुठं ठाऊक, तू तसं धरून बसली म्हणून," बाबा म्हणाले. "मले वाटलं, तू माह्यावर रागावली."

त्यांनी कपात चहा ओतला आणि तो तिच्यापुढं सरकवला. तिनं तो दोन्ही हातांनी धरला. पिताना तिचे दात कपावर वाजत होते. मामा उठून बाहेर गेला आणि अंगणात पाठमोरा उभा राहिला. मी कोपऱ्यात थैली घेऊन बसले होते. कोणाला दिसत होते की नाही, कोण जाणे.

तळेगावकडं जाणाऱ्या, आर्वीच्या शेवटच्या बसची वेळ झाली. माय इथंच राहील असं मला वाटलं होतं, पण ती उठली, पदर सावरला. मीही उठले. तेव्हा तिनं माझ्या हातातली थैली घेतली, खुंटीला अडकवली आणि मामाला म्हणाली, "हिले राहू दे. त्याईले एकटं वाटन." त्याईले म्हणजे बाबांना. मामा काही म्हणणार होता, पण इतक्या दिवसांनी बोलणाऱ्या बहिणीला मोडता घालणं त्याला जमलं नाही. ती दोघं नाचणगावच्या रस्त्यावरून स्टँडकडं वळेपर्यंत बाबा आणि मी दारात उभे होतो. मला कोणीच काही विचारलं नव्हतं. मी रडलेही नाही. आत आले आणि थैलीतले कपडे काढून पुन्हा जागच्या जागी ठेवले. त्या दुपारी थैली मांडीवर घेऊन जे सुख मला झालं होतं, ते आठवून मला पुढं कित्येक दिवस लाज वाटत राहिली.

माय परत आली ती पोळा झाल्यावर. एकटीच आली, पत्र्याची पेटी घेऊन. कोणाला कळवलं नव्हतं. मी शाळेतून आले तर चूल पेटलेली होती आणि ती भाकरी थापत होती. बाबा आले तेव्हा त्यांनी तिला फक्त विचारलं, "बस लवकर भेटली का?" ती हो म्हणाली. त्या दिवसापासून घरात चहा तीन वेळा व्हायला लागला, आणि उरलेला थेंबही कपात राहिला तर ती ओतून द्यायची. गंज कायम उपडा. पाहुणे हसायचे, एवढ्या-तेवढ्यात काही होत नाही वं, म्हणायचे. ती ऐकून घ्यायची. तिनं भावाचं नाव पुन्हा घेतलं, हळूहळू, सणावाराला, आणि बाबाही घ्यायला लागले. त्या दोघांचं ते बोलणं मी ऐकायची. त्यात मी कुठं नव्हते. दोघांचं दुःख एक होतं, माझं वेगळं होतं, आणि माझ्या दुःखाला मेलेलं कोणी नव्हतं.

पुढं मोठी झाल्यावर, शिक्षिकेची नोकरी लागल्यावर, एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. भाऊ आजारी पडला त्या दिवसांत बाबा दोन पाळ्या करत होते. दिवे लागल्यावरच घरी यायचे, आणि त्या दिवशी तर त्यांना बोलवायला गिरणीच्या फाटकापर्यंत माणूस पाठवला होता. मग त्या दुधाचा चहा त्यांनी कधी मांडला? मी त्यांना विचारलं नाही. ते गेले तेव्हाही विचारलं नाही, आणि मायला तर कधीच बोलले नाही. तिलाही ते दिवस आठवतच असणार. तिनं जो कप दोन्ही हातांनी धरला, तो काय समजून धरला, हे तिचं तिला माहीत.

शेवटची काही वर्षं माय माझ्याकडं वर्ध्याला होती. डोळ्यांनी दिसायचं कमी झालं होतं. पावसाळ्यातली एक दुपार होती, घरातले सगळे आपापल्या कामाला गेलेले, आम्ही दोघीच. मी तिच्या पायाला तेल लावत होते. मला वाटलं, तिला झोप लागली. मग एकाएकी म्हणाली, "शालू, मी तळेगावले होती तवा, तू दिवसभर घरात काय करत होती वं?"

चाळीसहून अधिक वर्षं झाली होती. माझा हात तिच्या पोटरीवर तसाच थांबला. काही नाही, असं म्हणायची मला सवय होती, आणि तेच तोंडात आलं होतं. पण तिनं पाय जवळ ओढून घेतले, उशी सरकवून मला बसायला जागा केली आणि माझ्याकडं कान केला. मी तिच्या शेजारी बसले, आणि सकाळपासून सांगायला लागले.